त्रेपन्न बाईटांची पेटी

रेल्वेचे फाटक बंद आहे. लांबलचक मालगाडी संथपणे चालली आहे आणि अलीकडे डॉक्टरांची मोटार खोळंबली आहे. मालगाडीला उशीर झाला तर फारसे बिघडत नाही. डॉक्टरांना झाला, तर मात्र बिघडते. १९८० नंतरच्या दशकात संगणकांच्या जाळ्यांपुढे असाच पेच उभा राहिला.

एकाच तारेतून संगणकातील मजकूरही जावयाचा होता आणि दूरध्वनीवरील संभाषणही. मजकूर थोडा उशिरा पोहोचला तरी चालतो. बोलणे अडखळलेले चालत नाही. सेकंदाला १५ लक्ष बिट वाहणाऱ्या तारेवर १,५०० बाईटांचा, म्हणजे १२,००० बिटांचा, एक गठ्ठा सुटला की मागील आवाजाला ८ सहस्रांश सेकंद थांबावे लागे; आणि वाटेत असे गठ्ठे अनेक.

यावर तोडगा असा निघाला की, सर्व काही एकाच मापाच्या लहान पेट्यांत भरावे. या पेटीस ‘सेल’ आणि पद्धतीस ‘असिंक्रोनस ट्रान्स्फर मोड’ म्हणतात. पेटी ५३ बाईटांची: ४८ बाईट माल, ५ बाईट चिठ्ठी. आवाजाला अग्रक्रम दिला की त्याला फार तर एका पेटीपुरते थांबावे लागते.

चिठ्ठीवर पूर्ण पत्ता नसतो. वाट आधीच ठरवून प्रत्येक टप्प्यासाठी एक क्रमांक नेमलेला असतो. स्विच हा क्रमांक वाचतो, तक्ता पाहतो, पुढील टप्प्याचा क्रमांक घालतो आणि ठरलेल्या दाराने पेटी रवाना करतो. आतील मालाकडे तो पाहतही नाही. माप एकच असल्यामुळे हे काम अतिशय वेगाने होते.

परंतु ४८ च का? अमेरिकेला ६४ हवे होते, युरोपला ३२. दूरध्वनीचा आवाज सेकंदाला ८,००० बाईट भरतो; म्हणजे ६४ ची पेटी भरण्यास ८ सहस्रांश सेकंद लागतात, ३२ च्या पेटीस ४. विलंब वाढला की स्वतःच्याच बोलण्याचा प्रतिध्वनी कानी येतो आणि तो दाबण्यास निराळी यंत्रे बसवावी लागतात. युरोपला तो खर्च नको होता. अखेर मधला आकडा ठरला.

या सोयीसाठी शंभरात नऊहून अधिक भाग चिठ्ठ्यांतच खर्ची पडे. पुढे तारांचा वेग वाढला. सेकंदाला १ अब्ज बिट वाहणाऱ्या तारेवरून तोच १,५०० बाईटांचा गठ्ठा अवघ्या १२ दशलक्षांश सेकंदांत जातो. मालगाडीच इतकी वेगवान झाली की फाटकाशी थांबणे जाणवेनासे झाले आणि लहान पेट्यांची निकड सरली. टप्प्याटप्प्याला क्रमांक बदलण्याची युक्ती मात्र आजच्या मोठ्या जाळ्यांत टिकून आहे.