आधी भोक, मग इंजिन

यंत्र आणि पाणी : लेखांक ९

जुनी स्टर्नड्राइव्ह बोट बघायला जाणारा माणूस सगळ्यात आधी इंजिनाचं झाकण उघडायला लावतो. व्ही-८ आहे का, किती तास चाललंय, आवाज कसा येतो, हे त्याचे प्रश्न. विकणाराही हौसेने इंजिन सुरू करून दाखवतो. पण या बोटींना जलसमाधी मिळते ती बहुतेक वेळा इंजिनाच्या दोषाने नव्हे. बोटीच्या मागच्या भिंतीला, म्हणजे ट्रान्समला, पाण्याच्या पातळीखाली मुठीपेक्षा मोठं भोक असतं आणि त्यातून पाणी आत येऊ न देण्याचं काम रबराच्या एका घडीदार नळीवर सोपवलेलं असतं. घरच्या घरी दुरुस्ती करायची असेल, तर पहिला पाना तिथे लावायचा.

हे भोक मुळात कशासाठी? कोकणातल्या मोठ्या मच्छीमार नौकेत इंजिन आत असतं, त्याचा सरळ दांडा तळातून बाहेर पडतो आणि वळायला वेगळं सुकाणू लागतं. मागच्या आठवड्यात पाहिलेलं आऊटबोर्ड सगळंच्या सगळं बोटीबाहेर टांगलेलं असतं. स्टर्नड्राइव्ह म्हणजे या दोघांमधला तह. मोटारीच्या जातीचं वजनदार इंजिन आत, मागच्या भिंतीला टेकून. बाहेर गिअर आणि पंखा बसवलेला एक पाय. हा पाय डावी-उजवीकडे वळतो, त्यामुळे सुकाणू लागत नाही. तो वरही उचलता येतो, त्यामुळे उथळ पाण्यात आणि ट्रेलरवर अडत नाही. इंजिनाची ताकद भिंतीतून आडवी बाहेर येते, पायातून खाली उतरते आणि पंख्यासाठी पुन्हा आडवी होते.

ही कल्पना बाजारात आणण्याचं श्रेय अमेरिकन अभियंता जिम विन आणि स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीला जातं. विन आधी मर्क्युरी आऊटबोर्ड बनवणाऱ्या कार्ल कीकहाफरकडे नोकरीला होता. १९५८मध्ये त्याने आऊटबोर्ड लावलेल्या छोट्या बोटीतून अटलांटिक पार केला आणि १९५९च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये व्होल्वो पेंटाची ‘अ‍ॅक्वामॅटिक’ लोकांसमोर आली. कीकहाफर गप्प बसणारा नव्हता. १९६१मध्ये त्याची ‘मर्क्रूझर’ आली, आणि हक्क कुणाचा यावरून कोर्टकज्जेही झाले. पुढे अमेरिकेतल्या तळ्यांवर राज्य केलं ते मर्क्रूझरने.

विस्कॉन्सिन, मिशिगन, मिनेसोटा या भागात आजही घरांच्या मागे ताडपत्री टाकून ठेवलेल्या बोटी दिसतात, त्यांतल्या कितीतरी १९८०-९०च्या दशकातल्या, अठरा-वीस फुटी, मागे मर्क्रूझरचा ‘अल्फा वन’ पाय. आत जनरल मोटर्सच्या बनावटीचं इंजिन : ३.० लिटरचं चार सिलिंडरी, ४.३चं व्ही-६ नाहीतर ५.७चं व्ही-८. यांतली व्ही-६ आणि व्ही-८ इंजिनं ट्रक-मोटारींतूनही लाखोंनी फिरली, त्यामुळे सुटे भाग मिळतात, माहितगारही मिळतात. मालकाने स्वतः हात काळे करायची परंपरा त्यातूनच उभी राहिली. (बोट घ्यायचीच असेल तर एक सावधगिरी. ओएमसी ही मोठी कंपनी २००० सालच्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली. तिचे जुने ड्राइव्ह स्वस्तात मिळतात, कारण काही भागांसाठी मालकाला वणवण करावी लागते.)

आता त्या रबराकडे. त्याला बेलो म्हणतात. अल्फा वनवर असे तीन असतात. पहिल्यात इंजिनाची ताकद नेणारा सांध्यांचा दांडा, दुसऱ्यातून गिअर बदलायची केबल, तिसऱ्यातून धूर. धुराचा बेलो फाटला तर आवाज वाढतो, बोट बुडत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना तसंही पाणीच असतं. पहिल्या दोघांचं तसं नाही. ते फाटले की पाण्याला थेट आतली वाट. ऊन, वय आणि सततची वळवळ यांनी घड्यांच्या तळाशी बारीक चिरा पडतात, आणि त्या वरून बघून दिसत नाहीत. पाय पूर्ण वर उचलून, घडी बोटांनी उलगडून, टॉर्च मारून बघावं लागतं. पाय वर्षानुवर्षं उचललेल्या अवस्थेत ठेवला, तर रबर त्याच वाकड्या आकारात कडक होतं; म्हणून बोट उभी करताना पाय खाली सोडून ठेवतात. आणि अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला मस्करॅट हा उंदराच्या कुळातला प्राणी धक्क्याला बांधलेल्या बोटींचे बेलो कुरतडतो, हे विनोदाने सांगितलं जात नाही. विमा कंपन्या त्याचे दावे पाहून बसल्या आहेत.

काम कसं चालतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. गिअर आधी पुढच्या दिशेला टाकायचा. अल्फा वनवर ही अटच आहे. पाय वर-खाली करणारे ट्रिमचे दोन सिलिंडर सोडवायचे, मग सहा नट. पाय मागे ओढला की सांध्यांचा लांब दांडा बेलोमधून सरकत बाहेर येतो. वजन एवढं असतं की दोघं तरी हवेत, किंवा खाली चाकांचा ठोकळा. दांडा बाहेर आला की पहिलं लक्ष त्या पोकळीकडे. आत कोरडं आणि ग्रीसचा वास असेल तर बरं. तांबूस पाणी साचलेलं असेल, तर बेलो गेलाच, आणि त्यातलं गिम्बल बेअरिंगही बहुधा गेलं. बोट घालून बेअरिंग फिरवायचं. चांगलं बेअरिंग गुळगुळीत फिरतं, बिघडलेल्यात वाळूचे कण असल्यासारखी खरखर लागते. चालत्या बोटीत हीच खरखर वळण घेताना गुरगुरल्यासारखी ऐकू येते.

नवा बेलो बसवायला बेल हाऊसिंग, म्हणजे पाय ज्यावर बसतो ते कवच, काढावं लागतं. त्याच्या बिजागरीच्या पिना काढायला खास षटकोनी चावी लागते, ती आधीच मागवून ठेवावी. पक्कड लावून गडी फसतो आणि पिनेचं तोंड गोल करून बसतो. कडेचा जुना गोंद धातू दिसेपर्यंत खरवडायचा. नवा गोंद लावून तो चिकट होईपर्यंत थांबायचं, ओल्यावर बेलो चढवला तर पट्टी आवळताना तो घसरतो. पट्टीचा स्क्रू अशा बाजूला ठेवायचा की पुढच्या वेळी सॉकेट पोचेल.

एवढं झाल्यावर नवखे लोक पाय परत चढवायला उतावीळ होतात, आणि नेमकं इथेच एक काम टाळलं जातं. इंजिन आणि बेअरिंग एका रेषेत आहेत का, हे अलाइनमेंट बार नावाच्या जाड लोखंडी दांड्याने तपासायचं असतं. तो बेअरिंगमधून आत घालून इंजिनाच्या कपलरमध्ये जायला हवा, तोही दोन बोटांच्या जोराने. अडत असेल तर इंजिनाचे पुढचे माउंट थोडे वर-खाली करायचे. हे न करता सहा नट ५० फूट-पौंडाने आवळले, तरी काही दिवस बोट छान चालेल. मग एक दिवस कपलरचे दाते झिजून जातील, इंजिन जोरात ओरडेल आणि पंखा फिरणार नाही. कपलर बदलायला सगळं इंजिन बाहेर काढावं लागतं. भाड्याने मिळणारा एक दांडा टाळण्याची ही किंमत.

पाय खाली काढलाच आहे तर इंपेलरही बदलावा. अल्फा वनमध्ये समुद्राचं किंवा तळ्याचं पाणी इंजिनाला पोचवणारा रबरी पंप पायातच असतो. मर्क्रूझरच्याच ‘ब्राव्हो’ ड्राइव्हमध्ये तो इंजिनावर पट्ट्याने फिरतो. कोरडा फिरला की इंपेलर काही सेकंदांत जळतो, म्हणून जमिनीवर इंजिन सुरू करायचं तर नळाचं पाणी आधी, चावी नंतर. गिअर ऑइल खालच्या बुचातून सोडायचं आणि खालूनच पंपाने भरायचं, वरच्या बुचातून बाहेर येईपर्यंत. जुनं तेल दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरतंय. तेल बदलून हा दोष जात नाही.

खाऱ्या पाण्यातल्या बोटीचं दुखणं वेगळ्या जागी असतं. गरम धूर आणि पाणी एकाच बिडाच्या नळकांड्यातून शेजारी शेजारी नेणारे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि राइझर आतून गंजतात. बाहेरून नवा रंग लावलेला राइझर आतून पापडासारखा झालेला असू शकतो. भिंत गेली की पाणी सिलिंडरमध्ये येतं, पाणी दाबलं जात नाही, आणि स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. खाऱ्या पाण्यात पाच-सहा वर्षांपलीकडे हे भाग भरवशाचे नसतात. गोड्या पाण्यात ते कितीतरी जास्त टिकतात. म्हणून फ्लोरिडातून आलेली चकचकीत बोट विस्कॉन्सिनच्या मळकट बोटीपेक्षा महाग पडू शकते. शंभर फुटांवरून फोटो बघणाऱ्याला हे कळत नाही. साधा इन्फ्रारेड थर्मामीटर मात्र मदत करतो. चालत्या इंजिनात एक राइझर दुसऱ्यापेक्षा खूप गरम लागला, तर तो चोंदलेला.

उत्तरेत याची भरपाई थंडी करून घेते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि ब्लॉकमध्ये राहिलेलं पाणी तो फोडतं. हिवाळ्याआधी ब्लॉक आणि मॅनिफोल्डचे प्लग काढून पाणी सोडायचं असतं. प्लग काढला, पाणी आलं नाही, म्हणजे आत नाही, असा समज इंजिन घालवतो. गंजाचा गाळ भोकात बसलेला असतो. तार घालून खोचली की बदाबदा येतं.

पैसे वाचवायचा सगळ्यात धोकादायक मार्ग मोटारीच्या दुकानातून जातो. इंजिन ट्रकचंच आहे, मग स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर ट्रकचे का नकोत? कारण ट्रकचं इंजिन उघड्या हवेत असतं आणि बोटीचं बंद पेटीत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळात साचते. बोटीसाठीचे विद्युत भाग असे बंदिस्त असतात की त्यांची ठिणगी बाहेरच्या वाफेला पोचत नाही, आणि अमेरिकन कोस्ट गार्डचे नियम पेट्रोल बोटींत हे बंधनकारक करतात. बोटीचा कार्बुरेटरही वाहून गेलेलं पेट्रोल बाहेर न सांडता इंजिनातच सोडतो. पेट्रोल भरल्यावर ही वाफ बाहेर काढणारा ब्लोअर निदान चार मिनिटं चालवून मगच चावी फिरवावी. यात काटकसर करणाऱ्याशी वाद घालू नये, त्याच्या बोटीत बसू नये.

अ‍ॅल्युमिनियमचा पाय पाण्यात झिजत जातो, तो झिजू नये म्हणून बळी द्यायला अ‍ॅनोड लावतात : खाऱ्या पाण्यात जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियम, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम. अर्धा संपला की बदलायचा, आणि त्यावर रंग फासायचा नाही. तांब्याचा शेवाळरोधक रंग पायालाही लावू नये; तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात शेजारी आले की अ‍ॅल्युमिनियम हरतं.

सुधारणांची यादी हौशी माणसाकडे नेहमी लांब असते, आणि बहुतेक वेळा ती स्पीकरपासून सुरू होते. खरं तर पहिला मान तळातल्या आपोआप चालणाऱ्या बिल्ज पंपाचा. त्याच्या खोक्यावर लिहिलेला गॅलनचा आकडा नळी न चढवता मोजलेला असतो, तीन फूट वर पाणी ढकलताना तो बराच घसरतो. म्हणून मोठाच घ्यावा आणि बॅटरीपासून थेट, स्वतःच्या फ्यूजमधून जोडावा. दुसरा नंबर पाणी वेगळं करणाऱ्या इंधन-फिल्टरचा, कारण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढून घेतं. जुन्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तर सकाळची किरकिर संपते. पंखा बदलणं स्वस्त वाटतं, पण त्यात हिशेब आहे : पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं माप) एक इंच कमी केला की पूर्ण वेगातले इंजिनाचे फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात. कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या खाली फेरे राहत असतील, तर इंजिन ओझ्याखाली राबतंय.

सगळं जोडून झाल्यावर पहिल्या दिवशी बोट ट्रेलरवरून सोडण्याची घाई नको. आधी तळाचं बूच. मग ट्रेलर पाण्यात उतरवून, पुढचा पट्टा न सोडता, इंजिनाचं झाकण उघडं ठेवून दहा मिनिटं थांबायचं आणि बेलोच्या जागेवर टॉर्च धरायचा. ओल दिसली तर गाडी पुढे घेऊन बोट तशीच बाहेर काढता येते. पुढच्या आठवड्यात : हातोडीने ठोकून ट्रान्सममधलं कुजलेलं प्लायवूड कसं ओळखतात, आणि ते बदलायचं म्हणजे नेमकं काय काय उघडावं लागतं.