केस कां गळतात आणि औषध काय करतें



सकाळीं फणींत अडकलेले केस मोजून चिंतेंत पडणारे गृहस्थ घरोघर आढळतात. वास्तविक डोक्यावर सुमारें एक लाख केस असतात आणि त्यांतील रोज 50 ते 100 गळणें हा त्यांचा नित्यक्रम आहे.

केसाची वाढ 2 ते 6 वर्षें चालते, महिन्याला सुमारें एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत त्याचें मूळ आक्रसतें, पुढें सुमारें तीन महिने विसावा घेतें. जुना केस गळतो व त्याच कूपांतून नवा उगवतो. पुरुषांच्या टकलांत हें चक्र थांबत नाहीं. वाढीचा काळ मात्र फेरीगणिक आखूड होतो, कूप लहान होत जातो, आणि शेवटीं उगवते ती नुसती लव.

याचें कारण वंश आणि पुरुषी अंतःस्राव. अमेरिकेंतील जेम्स हॅमिल्टन यांनीं 1942 सालीं दाखविलें कीं, वयांत येण्यापूर्वीं वृषण गमावलेल्यांस टक्कल पडत नाहीं. पण तोच स्राव त्यांना टोंचून दिला, तर ज्यांच्या घराण्यांत टक्कल असतें त्यांचे केस विरळ होऊं लागतात. टेस्टोस्टेरोनपासून शरीरांत डायहायड्रोटेस्टोस्टेरोन बनतें, आणि कूपाला बाधतें तें हेंच. तेल कितीही चोळलें तरी तें या व्यवहारांत ढवळाढवळ करीत नाहीं. जाहिराती कांहींही सांगोत.

फिनॅस्टेराइडची गोळी हें रूपांतर अडविते. प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीवर ती अमेरिकेंत 1992 सालीं आली, केसांसाठीं 1997 सालीं. मिनॉक्सिडिल मूळचें रक्तदाबावरचें. तें घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढूं लागले, म्हणून 1988 पासून तें केसांसाठीं डोक्याला लावण्यास मिळूं लागलें.

येथें पुष्कळांची फसगत होते. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या कांहीं आठवड्यांत केस अधिकच गळतात, कारण विसावलेले केस नव्या वाढीपुढें बाहेर पडतात. घाबरून औषध टाकणारा नेमक्या वेळीं माघार घेतो. फळ दिसण्यास चार-सहा महिने, कधीं वर्षही लागतें. आणि औषध सोडलें कीं मिळविलेलें कांहीं महिन्यांत जातें.

गोळीनें कांहींची कामेच्छा मंदावते, क्वचित् मन खिन्न होतें. असें झाल्यास लाज न धरतां डॉक्टरांस सांगावें. गर्भवती स्त्रीनें तिचे तुकडे हाताळूं नयेत. प्रोस्टेटसाठीं रक्ताची पीएसए तपासणी करवितांना आपण ही गोळी घेतों हें अवश्य कळवावें, कारण तिनें तो आंकडा जवळजवळ निम्मा होतो आणि दुखणें नजरेआड राहूं शकतें.