लाज नको, घड्याळ बघा!

आमच्या चिंचपाड्यात गाडीच्या शिट्टीची झोपेला सवय झालेली असते. त्या पहाटे मला जाग आली ती धाकट्याच्या कण्हण्याने. वय १३. "आई, पोट दुखतंय," एवढंच म्हणाला. मग उलटी झाली. मी आपला ओवा दिला, पोट शेकलं. उजाडल्यावर शेजारच्या सिस्टरताई आल्या. त्यांनी एकच विचारलं, "बाळा, खाली दुखतंय का रे?" त्याने मान खाली घातली. मध्यरात्रीपासून दुखत होतं, पण आईला सांगायचं कसं!

गाडी करून नंदुरबार गाठलं. वृषणाला पीळ पडला होता. पीळ पडला की रक्तपुरवठा तुटतो. साधारण ६ तासांत ऑपरेशन झालं तर वृषण बहुतेक वेळा वाचतं, पुढे आशा कमी होत जाते. आमचे ते तास घरातच गेले. एक वृषण काढावं लागलं. दुसऱ्याला पीळ पडू नये म्हणून ते टाके घालून पक्कं केलं. "एकावरही पुढे मुलंबाळं होतात," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा जिवात जीव आला. रुखरुख मात्र राहिलीच.

म्हणून मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. अंडकोषात अचानक जोराचं दुखणं, सूज, लाली, एक बाजू वर ओढल्यासारखी दिसणं, सोबत ओटीपोटात दुखणं किंवा उलटी, यातलं काहीही असलं तर सकाळची वाट बघू नका. १२ ते १८ वयात हे जास्त होतं, पण तान्ह्या बाळालाही होऊ शकतं. दुखणं आपोआप थांबलं तरी लगेच दाखवा. अंतर्गळाची गाठ कडक झाली, आत जाईना, बाळ रडतंय, उलट्या होतायत, तर तीही तातडीच. न दुखणारी मऊ सूज मात्र दिवसा दाखवली तरी चालते.

शेकू नका, चोळू नका. ऑपरेशन लागू शकतं म्हणून खायला-प्यायला देऊ नका. सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर कुठे आहेत ते फोनवर विचारा, १०८ ला फोन करा.

मुलीला पाळीबद्दल आपण सांगतो. मुलालाही आजच सांगा, "तिथे दुखलं तर रात्री दोन वाजताही उठव. मी रागावणार नाही."