गव्हाविना ताट

सिलिअ‍ॅक आजार असलेल्यांना गहू नि जव वर्ज्य. त्यांतलं ग्लुटेन लहान आतड्याच्या अस्तराला इजा करतं. पण ज्वारी-तांदूळ आहेत ना! ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून पीठ धरून राहत नाही. उकळतं पाणी घातलं की स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरीच्या कडा फाटत नाहीत. घाईच्या संध्याकाळी मात्र उकड करावी: लसूण-मिरचीची फोडणी, आंबट ताकात कालवलेलं तांदळाचं पीठ, गुठळ्या मोडत ढवळायचं, दणदणीत वाफ, वरून कच्चं तेल. उद्या ज्वारीचं धिरडं, परवा वरीचा भात नि दाण्याची आमटी. फोडणीतला हिंग तेवढा तपासाच. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. आणि गिरणीत गव्हामागोमाग आपलं दळण टाकू नका.