व्हॉल्व्हच्या सेटचं मोल

पांढरकवड्यासारख्या कापसाच्या गावात व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा रेडिओ दिवाणखान्यात मानाने ठेवलेला असे. नागपूरची आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली, १९५७ मध्ये विविध भारती आली, आणि ठाण्यात तयार होणारे मर्फी, तसेच फिलिप्स, बुश यांचे लाकडी पेटीचे सेट तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले. वीज नसलेल्या खेड्यांत ड्राय बॅटरीवरचे सेट चालत. दरवर्षी पोस्टात लायसनचे पैसे भरावे लागत, ते १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत. लग्नाच्या मांडवातले, टूरिंग टॉकीजमधले अ‍ॅम्प्लिफायरही व्हॉल्व्हचेच.

तेव्हा दुरुस्ती गावातच होई. मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढायचं, ज्याचा फिलामेंट पेटत नाही तो व्हॉल्व्ह उपसायचा, नवा बसवायचा. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स व्हॉल्व्ह बनवू लागल्यावर ते मिळणंही सोपं झालं.

मग ट्रान्झिस्टर आला. तो लगेच सुरू होई, हातात मावे, सेलवर चाले. लोकांनी तो घेतला यात चूक काही नव्हती. जुने सेट माळ्यावर गेले आणि तिथून भंगारात. भंगारवाल्याने त्यांचे ट्रान्सफॉर्मर फोडून तांबं किलोवर विकलं, याची मला आजही हळहळ वाटते. कारण व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज ज्यावर सर्वांत जास्त अवलंबून असतो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मरच. त्याची प्रायमरी आणि सेकंडरी थरांथरांत विभागून गुंडाळलेली असते, आणि तशी गुंडाळी करणारे हात आता फार कमी उरलेत.

व्हॉल्व्ह मात्र आजही मिळतात. ईएल३४, केटी८८, एवढंच काय, वेस्टर्न इलेक्ट्रिकचा १९३८ सालचा ३००बी, हे सगळे अजून बनतात. स्लोव्हाकिया, रशिया, चीन इथे कारखाने चालू आहेत. २०२२ मध्ये युद्धामुळे रशियन माल काही काळ अडला आणि जगभर भाव चढले. जुन्या मलार्डच्या व्हॉल्व्हना तर इतका भाव आहे की साध्या व्हॉल्व्हवर तो छाप मारून विकणारेही आहेत. ऐंशीच्या दशकातल्या अ‍ॅम्प्लिफायरची आयसी जळली आणि ती बाजारातून गेलेली असली, तर ते यंत्र संपलं. व्हॉल्व्हचं यंत्र दुरुस्त होऊ शकतं, आणि चांगल्या जुन्या यंत्राचा भाव टिकतो त्याचं मोठं कारण हेच आहे.

पण वर्षानुवर्षं पडून असलेला सेट थेट प्लगमध्ये खुपसू नये. आधी सिरीज बल्बवर, म्हणजे विजेच्या वायरीत मध्ये बल्ब जोडून, लावावा. बल्ब भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर सुकलेले असतात, त्यामुळे स्पीकरमधून घुंई ऐकू येते. त्याहून घातक म्हणजे मेणकागदी कंडेन्सर. तो गळू लागला की आउटपुट व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो, तापून लाल होतो आणि कधी ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. काही रुपयांच्या कंडेन्सरपायी पेटीतली सर्वांत महाग वस्तू जाते. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ते कंडेन्सरमध्ये थांबलेले असतात, तेव्हा हे काम जाणत्यानेच करावं. पांढरकवड्याहून त्यासाठी दीडेकशे किलोमीटरवरचं नागपूर गाठावं लागलं तरी गाठावं.

विकताना पेटीच्या पॉलिशपेक्षा मूळ ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे का, हे आधी सांगावं. बदललेले जुने भाग पिशवीत घालून सोबत द्यावेत. घेणारा जाणकार असेल तर तो पहिल्यांदा ती पिशवी उघडतो.