एंजिनाच्या हवामार्गातील तेल

मोटारीच्या एंजिनात वंगण-तेलाचा आणि हवेचा मार्ग वेगळा असतो. तेल तळाच्या पात्रातून वर चढते, फिरत्या भागांना वंगण पुरवते आणि पुन्हा खाली उतरते. हवा गाळणीतून येऊन सिलिंडरात शिरते. असे असूनही हवेची रबरी नळी सोडवली असता कधी कधी तिच्या आत तेल आढळते. ते पाहताच ‘रिंगा गेल्या’ असे निदान होते आणि मालकावर सबंध एंजिन उघडण्याचा खर्च येऊन पडतो. हे निदान कधी खरे ठरते. परंतु कधी दोष एका लहानशा झडपेतच असतो. म्हणून तेल कोठून आले, हे आधी ठरवणे अगत्याचे आहे.

सिलिंडरात इंधन जळते तेव्हा निर्माण होणारा वायू दट्ट्याला खाली ढकलतो. दट्ट्याभोवतीच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या, तरी या वायूचा थोडा अंश त्यांच्या फटींतून निसटून क्रँककेसमध्ये, म्हणजे एंजिनाच्या खालच्या पेटीत, उतरतोच. तेथे तेलाचे सूक्ष्म तुषार त्यात मिसळतात. या वायूला वाट न मिळाल्यास पेटीतील दाब वाढून तेल सांध्यांतून झिरपू लागते. पूर्वी तो एका नळीने सरळ बाहेर सोडून दिला जाई. लॉस एंजेलिसच्या विषारी धुरक्याचा मोटारींच्या वायूंशी असलेला संबंध आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिला. त्यानंतर कॅलिफोर्नियात १९६१च्या नव्या मोटारींपासून हा वायू एका झडपेतून हवामार्गात परत नेऊन जाळण्याची व्यवस्था आली व पुढे ती सर्वत्र रूढ झाली. हवामार्गात दिसणारा तेलाचा पातळ थर हा या व्यवस्थेचाच परिणाम होय.

असा थर म्हणजे बिघाड नव्हे. मात्र नळीत तेल साचत असेल, हवागाळणी भिजत असेल किंवा तेलाची पातळी झपाट्याने उतरत असेल, तर शोध घ्यावा. प्रथम तेलाची पट्टी पाहावी. तेल वरच्या खुणेपेक्षा अधिक भरले असल्यास ते घुसळले जाऊन तुषार वाढतात. गाळणी धुळीने तुंबली असल्यास तिच्यापलीकडे ओढ वाढते आणि पेटीतील तेलही हवेबरोबर खेचले जाते. नंतर झडपेकडे वळावे. ती काजळीने बंद पडली, तर वायू उलट्या वाटेने गाळणीकडे येतो; उघडी अडकली, तर तेल अतिरेकाने ओढले जाते. झडप सुटी निघत असल्यास हलवून पाहावी; आतील भाग खुळखुळला, तर ती बहुधा मोकळी आहे. एंजिन मंद चालू असताना तिच्या तोंडावर बोट ठेवल्यास ओढ जाणवली पाहिजे.

एवढ्यानेही उलगडा न झाल्यास पेट्रोल एंजिनात प्रत्येक सिलिंडरातील दाब मोजावा. तो कमी भरल्यास आत चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावा. तेलाने फट तात्पुरती बुजून दाब वाढला, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहे. न वाढला, तर झडपांची तपासणी करावी. एंजिन उघडण्याचा निर्णय या परीक्षेनंतरच घेणे योग्य.

टर्बोचार्जर असलेल्या एंजिनात आणखी एक शक्यता असते. त्याच्या दंडाला एंजिनाचेच तेल वंगण देते. तेथील सील झिजल्यास किंवा तेल परतण्याची नळी तुंबल्यास ते हवेत मिसळते. डीझेल एंजिनात हे धोक्याचे ठरू शकते. तेथे हे तेलच इंधन बनून एंजिन बेफाम वेग घेऊ शकते. अशा वेळी चावी बंद करूनही उपयोग होत नाही. हवा तोडल्यावाचून ते थांबत नाही. म्हणून तेथे साचलेल्या तेलाकडे दुर्लक्ष करू नये.

दुरुस्तीनंतर नळी स्वच्छ पुसून काही दिवसांनी पुन्हा पाहावी. ती कोरडी किंवा किंचित ओलसर राहिली, तर निदान बरोबर होते. तेल पुन्हा साचले, तर मूळ कारण अद्याप सापडलेले नाही.