दीड हजार मेंढ्या आणि एक बोट!

समजा, तुमच्या गावाला जायला रस्ताच नाही. आहे फक्त एक बोट. ती चुकली, तर? ग्लेनॉर्कीच्या कितीतरी पिढ्या याच टेन्शनमध्ये जगल्या!

न्यूझीलंडच्या साऊथ आयलंडवर, जवळपास ८० किलोमीटर लांब वाकाटिपू तलावाच्या वरच्या टोकाला हे चिमुकलं गाव आहे. आजूबाजूला बर्फाळ डोंगर. १८७८ मध्ये रेल्वे आली खरी, पण पार दुसऱ्या टोकाला, किंग्स्टनपर्यंत. पुढचा सगळा मामला पाण्यातला. गाडीतून उतरा, बोटीत चढा आणि क्वीन्सटाऊनमार्गे घर गाठा!

सुटे भाग जोडा, बोट तयार

या मार्गाची स्टार म्हणजे ‘टीएसएस अर्नस्लॉ’. टायटॅनिकच्याच वर्षी, १९१२ मध्ये पाण्यात उतरलेली. तिची जन्मकथा एकदम हटके. ड्युनेडिनमध्ये बोट बांधली, पत्र्यांवर नंबर टाकले, पुन्हा सुटी केली आणि मालगाडीत भरून किंग्स्टनला पाठवली. तिथे तलावाकाठी ती परत जोडली. अक्षरशः जिगसॉ पझल! मग प्रवासी, टपाल, लोकर, गुरं असं सगळं तिच्यातूनच जाऊ लागलं. एका खेपेला दीड हजार मेंढ्यासुद्धा!

रस्ता आला, गर्दी गेली

१९३६ मध्ये किंग्स्टन-क्वीन्सटाऊन रस्ता झाला. १९६२ मध्ये रस्ता ग्लेनॉर्कीलाही पोचला. गावकऱ्यांना दोष कसा देणार? अडीनडीला बोटीच्या वेळापत्रकावर कोण विसंबून राहील? पण ज्या बोटीनं गाव जगवलं, तिलाच काम उरलं नाही. १९६८ मध्ये तर तिच्यावर भंगारात जायची पाळी आली. पुढच्याच वर्षी एका पर्यटन कंपनीनं ती भाड्यानं घेतली आणि १९८२ मध्ये चक्क विकतच घेतली. पुढे २००८ च्या ‘इंडियाना जोन्स’मध्येही तिनं छोटीशी हजेरी लावली!

आता ती क्वीन्सटाऊनहून पलीकडच्या वॉल्टर पीकला पर्यटकांना घेऊन जाते. ग्लेनॉर्कीच्या धक्क्यावरची लाल शेड मात्र अजून उभी आहे. बहुतेक जण तिच्यासमोर फोटो काढतात आणि निघतात.

जाताय? डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिकडचा उन्हाळा. बोटीत खिडकीची जागा पकडण्याआधी इंजिनरूमवरच्या कठड्यापाशी उभे राहा. शंभरी ओलांडलेलं इंजिन काम करताना बघायला मिळेल. आणि ग्लेनॉर्कीला गेलात, तर त्या लाल शेडला थोडा जास्त वेळ द्या. गावाचं स्टेशन होतं ते!